जोख्यूलर जावई

आमच्या घरात मस्करीला बंदी होती. हसायला नव्हती, हे आधीच सांगते, नाहीतर वाचणाऱ्याला वाटायचं आम्ही सगळे सुतकात वाढलो. वासरू दावं तोडून ओट्यावर चढलं की आबा, म्हणजे माझे वडीलही, हसत. पण कुणी कुणाची फिरकी घेतली, खोटंच काहीतरी सांगून कुणाला धावायला लावलं, की आबांचा चेहरा बदलायचा. ते ताटावरून उठत नसत, पण मग कुणाच्या घशाखाली घास उतरत नसे. मस्करीची कुस्करी होते, ही म्हण इतर घरांत ताकीद म्हणून वापरतात. आमच्या घरात तिचा पुरावा रोज डोळ्यांसमोर चालत होता, आणि तो डाव्या पायाने लंगडत होता.

आबा विशीत होते तेव्हाची गोष्ट. सावद्याच्या बाजाराहून ते बैलगाडीने परत येत होते. गावाच्या शिवेवर त्यांचा एक मित्र भेटला आणि म्हणाला, तुमच्या कडब्याची गंज पेटलीय आणि तू इथे गाडीत डुलक्या घेतोस होय! आबांनी चालत्या गाडीतून उडी मारली. पाय दगडावर पडला, ते आडवे झाले आणि गाडीचं चाक घोट्यावरून गेलं. मित्र तोवर हसतच होता. गंज जागच्या जागी होती. तो मित्र नंतर महिनाभर रोज येऊन आबांच्या खाटेशी बसायचा, असं माय सांगायची. आबांनी त्याला शिवी दिली नाही आणि पुन्हा कधी त्याच्याशी बोललेही नाहीत.

आमचं गाव रावेरकडचं. केळी आणि कापूस, एवढंच आमचं जग. देश स्वतंत्र झाला तेव्हा मी मराठी शाळेच्या वरच्या वर्गात होते. पुढे जळगावला मामांकडे राहून मॅट्रिक झाले, आणि घरात इंग्रजी येणारी मी एकटी ठरले. आबांना याचा फार अभिमान. खताच्या पोत्यावरचा छाप, औषधाच्या बाटलीवरची चिठ्ठी, रेल्वेकडून आलेला कागद, काही असलं तरी ते माझ्यासमोर बसून वाचून घ्यायचे. मी सांगेन तो अर्थ. शेजाऱ्यापाजाऱ्यांनी विचारलं तर म्हणायचे, पोरीनं वाचलंय, आता त्यात काय पाहायचं. एवढा विश्वास कुणी टाकला की माणसाला स्वतःबद्दल जरा जास्तच वाटायला लागतं. मला लागलं होतं.

लग्नाचं वय झालं तशी स्थळं यायला लागली. पहिल्या स्थळाच्या मुलाने पोह्यांची बशी हातात घेत विचारलं, मुलगी बोलते की नुसते पोहेच करते. सगळे हसले. आबांनी पोहे संपू दिले, पाणी दिलं, पानसुपारी दिली आणि दुसऱ्या दिवशी नकार कळवला. माय म्हणाली, एवढ्याशा बोलण्यावरून? आबा म्हणाले, गंज पेटल्याचं बोलणंही एवढंसंच होतं.

दुसरं स्थळ दोंडाईच्याचं. मुलगा तिथल्या हायस्कुलात गणित शिकवत होता. मायला दोंडाईचा म्हणजे दुसरा मुलूखच वाटला, कारण आपण 'हाये' म्हणतो तिथे तिकडची माणसं 'शे' म्हणतात. बघण्याचा कार्यक्रम जळगावला मामांकडे झाला. मुलगा खाली मान घालून बसला होता. विचारलं तेवढंच बोलला, तेही दोन-दोन शब्दांत. आबा अशा नजरेने बघत होते की मी आतून ओळखलं, पसंत पडतंय.

मला तो त्या बैठकीत अजिबात आवडला नव्हता. असा गप्प माणूस आणि आमचं गप्प घर, यात फरक काय, असं मनात आलं. मग मंडळी उठली. तो सगळ्यांत मागे राहिला, वहाणा शोधत. अंगणात मामांची शेळी बांधलेली होती आणि तिने ओट्यावरचं वर्तमानपत्र ओढून निम्मं संपवलं होतं. तो तिच्यासमोर जरा वाकला आणि अगदी गंभीरपणे, पाहुण्याला आग्रह करावा तशा आवाजात म्हणाला, "सावकाश होऊ द्या. अग्रलेख पचायला जड असतो."

दाराआड मी होते, हे त्याला माहीत नव्हतं. मी स्वयंपाकघरात जाऊन तोंडात पदर कोंबून हसले. मामी म्हणाली, काय झालं? मी म्हटलं, ठसका लागला. त्या ठसक्यातच माझं लग्न ठरलं होतं. आता फक्त आबांचं ठरायचं होतं.

आबा चौकशीशिवाय हो म्हणणारे नव्हते. मुलाच्या शाळेच्या हेडमास्तरांशी मामांची ओळख होती. त्यांनी पत्र टाकलं की मुलगा कसा आहे ते मोकळेपणाने कळवावं. हेडमास्तर मूळचे धुळ्याचे, जुन्या वळणाचे. दुसऱ्याच्या स्वभावाबद्दल खरं लिहायचं तर ते इंग्रजीतच लिहिता येतं, असा त्यांचा समज असावा. उत्तर आलं ते इंग्रजीत. मामांनी ते न वाचताच गावी पाठवून दिलं. घरात वाचणारी होती ना!

आबा ओट्यावर बसले, मी पायरीवर. एकेक ओळ वाचायची आणि मराठीत सांगायची. मुलगा वेळेचा पक्का आहे. व्यसन कसलंही नाही. ढ मुलांनासुद्धा त्याचं गणित समजतं. आबा प्रत्येक ओळीला मान हलवत होते. मग ती ओळ आली. ही इज ऑफ अ जोक्युलर डिस्पोझिशन.

डिस्पोझिशन म्हणजे स्वभाव, हे ठाऊक होतं. आधीचा शब्द मी कधी वाचलेला नव्हता. पण त्याच्या पोटात जोक होता, आणि जोक म्हणजे काय हे मॅट्रिकच्या मुलीला कळतं. शिवाय मी शेळी पाहिली होती. वेळ काढण्यासाठी मी तो शब्द पुन्हा मोठ्याने वाचला.

"जोख्यूलर?" आबा म्हणाले. मग त्यांचा चेहरा उजळला. "म्हंजे जोखीसन बोलनारा. तसं सांग ना."

आमच्याकडे कापूस मोजत नाहीत, जोखतात. वेचणीच्या दिवसांत रोज संध्याकाळी काटा टांगला जातो आणि गाठोडं न् गाठोडं जोखलं जातं. ज्याच्या आयुष्याचा निम्मा भाग काट्यासमोर गेला, त्याच्या कानाला दुसरं काय ऐकू येणार? शब्द जोखून बोलणारा माणूस. आबांच्या मनात याहून मोठी शिफारस नव्हती. आणि मुलगा बैठकीत बोलला होताही तसाच, दोन-दोन शब्द, तोलून.

मी हो म्हटलं नाही. नाहीही म्हटलं नाही. पुढची ओळ वाचली.

महिन्याभराने जळगावला गेले तेव्हा मामांच्या कपाटातला इंग्रजी-मराठी कोश काढला. जोक्युलर: थट्टेखोर, विनोदी, गमत्या. तीन शब्द दिले होते आणि तिन्हींची आपसात भांडणं. थट्टेखोराला खोड असते, ती मेल्याशिवाय जात नाही. विनोदी माणसाला समोर चार जण लागतात. कोशाबाहेरचे दोन मीच आठवले. मस्करी करणाऱ्याला तर कुणीतरी गिऱ्हाईक लागतंच, त्याशिवाय मस्करी होत नाही. टवाळाला काम नसतं. शेळीला अग्रलेख जपून खा म्हणणारा माणूस यातला कोण? तिथे गिऱ्हाईक नव्हतं, ऐकणारं कुणी नव्हतं, शेळीलाही त्याचं काही वाटलं नाही. गमत्या त्यातल्या त्यात जवळचा. पण आबांच्या हिशेबी गमत्या आणि टवाळ एकाच दाव्याला बांधलेले होते. मी गमत्या म्हटलं असतं तरी त्यांना टवाळच ऐकू आला असता.

कोश बंद करून मी जागेवर ठेवला. सुपारी फुटायला तेव्हा अजून आठ दिवस होते, म्हणजे सांगायला वेळ भरपूर होता. मी सांगितलं नाही. मला तो माणूस हवा होता, आणि आमच्या घरात मुलीने असं तोंडाने म्हणायची पद्धत नव्हती. आज कुणी विचारलं की चूक केलीस का, तर मी म्हणेन, केली. पुन्हा करशील का, तर तेही हो.

लग्न झालं. आठवड्याभरात मी नवऱ्याला आबांच्या पायाची गोष्ट सांगितली आणि पत्राचीही. पत्राची ऐकून तो खाटेवर आडवा पडून हसला. पायाची आठवली तसा उठून बसला. म्हणाला, म्हणजे तुझ्या माहेरी मी आयुष्यभर नुसतं गणितच बोलू का? मी म्हटलं, हो. गणितच बोल. त्याने शब्द दिला. सासरी मात्र तो सकाळपासून संध्याकाळपर्यंत तसाच, शेळीसमोर होता तसा. सासूबाई म्हणायच्या, हा पोटात होता तेव्हाच लाथा मोजून मारत होता. त्या घरात मी इतकी हसले की पहिल्या सहा महिन्यांत माझं पोट दुखायचं आणि शेजारणी भलताच अर्थ काढायच्या.

पहिला दिवाळसण आला. नवरा आला, वाकून नमस्कार केला, विचारलं तेवढं बोलला. दोन दिवस बरे गेले. आबांनी गावात काय सांगून ठेवलं होतं, ते आम्हाला तिसऱ्या दिवशी कळलं.

वेचणी भरात होती. ऊन कलल्यावर अंगणातल्या निंबाला मोठा काटा टांगला होता. वेचणाऱ्या बाया डोक्यावरची गाठोडी उतरवून रांगेने बसल्या होत्या. आबांनी नवऱ्याला हाताला धरून काट्यापाशी आणलं. हा मान ते कुणालाच देत नसत. आणि सगळ्यांना ऐकू जाईल असं म्हणाले, "आमचे जावई जोख्यूलर हायेत. हेडमास्तरनं तसं लिहीसन देलं हाये. आज काटा ते धरतीन."

नवऱ्याने माझ्याकडे एकदाच पाहिलं आणि मग जमिनीकडे. खांदे हलत होते, पण आवाज नव्हता. त्याने दोन गाठोडी जोखली. तिसरं गाठोडं एका म्हातारीचं होतं. तिने ते पारड्यात ठेवलं, कमरेवर हात दिले आणि म्हणाली, "जोख्यूलर भाऊ, नीट जोखजा. कापसासंगं मले नका जोखू."

त्याच्या हातातलं वजन धाडकन पारड्यात पडलं. तो हसला. दोन दिवसांचं कोंडलेलं सगळं बाहेर आलं. डोळ्यांतून पाणी आलं, निंबाला हात टेकून उभं राहावं लागलं. म्हातारीही हसली, बायाही हसल्या, का ते त्यांना ठाऊक नव्हतं. आबा हसले नाहीत. काय झालं, असं त्यांनी जावयाला विचारलं. तो कसाबसा म्हणाला, काही नाही, ठसका लागला. ठसका आमच्या दोघांच्याही फार कामी यायचा. त्या दिवशी आला नाही.

आबा माझ्याकडे वळले. "तू वाचलं व्हतं. काय अर्थ हाये त्या शब्दाचा?"

"थट्टा करणारा," मी म्हटलं.

"तुले तव्हा ठाव व्हतं?"

"हो."

आबांनी खाली वाकून पारड्यातलं वजन उचललं, जावयाच्या हातात दिलं आणि म्हणाले, जोखा. अंधार पडायच्या आत सगळी गाठोडी झाली. मी वाट पाहत होते की आता ते मला बोलवून घेतील, रागावतील. त्यांनी बोलवलं नाही. जावयाचा मान कमी केला नाही, टॉवेल-टोपी दिली, स्टेशनपर्यंत गाडी जोडली. मला वाटलं, सुटलो.

पुढच्या वर्षी माहेरी गेले तेव्हा रेल्वेचा एक इंग्रजी कागद आला होता, केळीच्या डब्यांबद्दलचा. तो कोनाड्यात होता. मी हात पुढे केला तशी माय म्हणाली, राहू दे, ते सावद्याला पोस्टमास्तरांकडे नेणार आहेत. सावदा चार मैल. मी ओट्यावर उभी राहून पाहिलं, आबा तो कागद टोपीत घालून निघाले, त्या पायाने, उन्हात. घरात मी बसलेली असताना. मला संताप आला. आणि संताप ओसरल्यावर जी लाज वाटली, ती अजून पुरती गेलेली नाही. बाकी सगळं पूर्वीसारखं होतं. ते माझ्याशी बोलत, नातवाला खांद्यावर घेत. फक्त त्यानंतर सात वर्षं त्यांनी एकही कागद माझ्या हातात दिला नाही. रागावले असते तर बरं झालं असतं, राग निवतो तरी.

दरम्यान नवऱ्याला धुळ्याला नोकरी मिळाली आणि आम्ही तिकडे राहायला गेलो. आबांच्या पोटात दुखायला लागलं होतं. गावच्या औषधांनी उतार पडेना, तेव्हा नवरा जाऊन त्यांना धुळ्याला घेऊन आला. चार दिवस तपासण्या झाल्या. पाचव्या दिवशी डॉक्टरांनी सावद्याच्या डॉक्टरांना द्यायचं म्हणून एक बंद पाकीट आबांच्या हाती दिलं आणि घरी जायला सांगितलं.

दुपारची वेळ होती. नवरा शाळेत गेलेला. आबा आमच्या भाड्याच्या घराच्या ओसरीवर भिंतीला टेकून बसले होते. मी तांदूळ निवडत होते. त्यांनी टोपी काढली, टोपीतून पाकीट काढलं, नखाने फोडलं आणि कागद माझ्यापुढे धरला.

"हाये तसं वाच. जोखू नको."

मी सूप बाजूला ठेवलं. हात पदराला पुसले. आधी इंग्रजी ओळ वाचायची आणि मग अर्थ सांगायचा, पूर्वी करत होते तसंच. पोटात गाठ आहे. ती वाढलेली आहे. आजूबाजूला पसरलेली आहे. एका ओळीवर मी थांबले. शब्द मला माहीत होता, कोश लागणार नव्हता. त्याच्याऐवजी टाकता येतील असे चार मऊ शब्द त्या क्षणी माझ्या जिभेवर होते. आबा माझ्याकडे बघत नव्हते, अंगणाकडे बघत होते.

"कापून काढता येणार नाही, असं लिहिलंय," मी म्हटलं.

"किती दिवस?"

"ते लिहिलेलं नाही."

"लिहेल नाही, का तू वाचलं नाही?"

मी कागद त्यांच्या हातात दिला. त्यांनी तो धरला, वरपासून खालपर्यंत पाहिला. एक अक्षर त्यांना येत नव्हतं. "लिहिलेलं नाही, आबा," मी म्हटलं. त्यांनी मान हलवली. तशी मान त्यांनी सात वर्षांत माझ्यासमोर हलवली नव्हती. मग कागदाची घडी घातली, पाकिटात ठेवली, पाकीट टोपीत ठेवलं आणि टोपी डोक्यावर घातली.

"म्हंजे या बारी गंज खरंच पेटली हाये," ते म्हणाले. थोड्या वेळाने म्हणाले, "उडी नाही मारत मी."

चेहरा नेहमीसारखा होता. मला रडू आलं, आणि ते दिसू नये म्हणून मी सूप घेऊन आत गेले. नवरा शाळेतून आला तेव्हा त्याला चुलीपाशी सगळं सांगितलं, डॉक्टरांचा कागद ओळीने, आणि मग आबा काय म्हणाले तेही. तो पाटावर बसला.

"अगं," तो म्हणाला, "आबांनी मस्करी केली."

मला ते तोवर कळलंच नव्हतं. कळेल कसं, मी त्या घरात वाढलेली.

चहा झाला होता. एरवी तो मीच नेऊन द्यायचे. त्या दिवशी नवऱ्याने कपबशी उचलली आणि ओसरीवर गेला. मी दाराआड उभी राहिले, मामांकडे उभी होते तशी. तो आबांच्या समोर बसला, जरा वाकला आणि त्याच गंभीर आवाजात म्हणाला, "आबा, उडी मारायची नसेल तर चहा घ्या. गरम आहे."

आबांनी त्याच्याकडे पाहिलं. मग कपाखालची बशी घेऊन पुढे केली आणि म्हणाले, "ओता."